नंबर थिअरीचा पहिला अभ्यास: तालुक्याच्या महाविद्यालयात गणित शिकणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.च्या वर्गात ‘नंबर थिअरी’चा पेपर पहिल्यांदा समोर येतो तेव्हा अनेक विद्यार्थ्यांना त्याचे नावच चकवते. मराठीत त्याला संख्यासिद्धान्त म्हणणे बरे, कारण संख्याशास्त्र म्हटले की लोक स्टॅटिस्टिक्स समजतात आणि अंकशास्त्र म्हटले की जन्मतारखेवरून भविष्य सांगणारे आठवतात. प्रत्यक्षात हा विषय पूर्णांकांचा आहे. कोणत्या संख्येने कोणत्या संख्येला भाग जातो, जात नसेल तर बाकी काय उरते, मूळ संख्या कशा पसरलेल्या आहेत आणि एखाद्या समीकरणाची उत्तरे अपूर्णांक न वापरता मिळतात की नाही, एवढेच त्यात विचारलेले असते. यातील बहुतेक शब्द शाळेच्या पुस्तकांत येऊन गेलेले असल्यामुळे विषय सोपा वाटतो. पुढे सिद्धता सुरू झाल्या की ओळखीचेच शब्द अनोळखी होऊन बसतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गणित शिकवतो आणि शिकत असताना स्वतः गावाहून एसटीने ये-जा करत होतो. माझ्या वर्गातील बहुतेक मुले-मुली दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात, घरी वावर असते, आणि सोयाबीन सोंगणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना महाविद्यालय आणि शेत यांत एकाची निवड करावी लागते. या परिस्थितीत इतर अनेक विषयांचा अभ्यास खरोखरच अडतो, पण संख्यासिद्धान्ताला प्रयोगशाळा लागत नाही, महागडे साधन लागत नाही, इंटरनेटही फारसे लागत नाही. त्याला लागते ती कोऱ्या पानांची जाड वही, आणि त्या वहीत काय व कोणत्या क्रमाने लिहायचे याची पद्धत. ही पद्धत मला उशिरा कळली, म्हणून ती येथे सविस्तर मांडतो.

विद्यार्थी असताना मूळ संख्या अनंत आहेत ही युक्लिडची सिद्धता मी शब्दशः पाठ केली होती. सर्व मूळ संख्या मोजक्याच आहेत असे समजा, त्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवा, नव्या संख्येला यादीतील कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणून यादी अपुरी आहे. चाचणीत प्रश्न थोडासा फिरवून आला: ज्यांना ४ ने भागले असता बाकी ३ उरते अशा मूळ संख्या अनंत आहेत हे दाखवा. मी तीच पाठ केलेली सिद्धता उतरवून ठेवली आणि मला शून्य गुण मिळाले, ते योग्यच होते. त्या सिद्धतेतील १ तेथे का मिळवला आहे, हेच मी कधी स्वतःला विचारले नव्हते.

त्या प्रश्नाकडे नीट पाहण्यासारखे आहे. २ सोडली तर प्रत्येक मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ किंवा ३ उरते. बाकी १ देणाऱ्या दोन संख्यांचा गुणाकारही बाकी १ देतो; ५ × १३ = ६५ करून पाहावे. म्हणून एखादी विषम संख्या बाकी ३ देत असेल तर तिच्या मूळ अवयवांपैकी किमान एक तरी बाकी ३ देणारा असलाच पाहिजे. आता अशा मूळ संख्यांची यादी संपते असे मानून, त्या सर्वांच्या गुणाकाराची चौपट करून त्यातून १ वजा केला, की मिळालेली संख्या बाकी ३ देते, आणि यादीतील कोणत्याही संख्येने तिला भाग जात नाही. काम झाले. हीच युक्ती बाकी १ देणाऱ्या मूळ संख्यांसाठी मात्र चालत नाही, कारण २१ ही संख्या बाकी १ देते पण तिचे अवयव ३ आणि ७ हे दोन्ही बाकी ३ देणारे आहेत. त्यासाठी वेगळे हत्यार लागते; ते शेवटी हाती येईल.

आधी हिशेब, मग प्रमेय

पहिला नियम असा की कोणत्याही प्रमेयाची सिद्धता वाचण्यापूर्वी त्या प्रमेयाची किमान दहा उदाहरणे स्वतःच्या हाताने करावीत. पुस्तकातील नव्हेत, स्वतः निवडलेली. अभ्यासाच्या पहिल्याच आठवड्यात एराटोस्थेनिसची चाळणी २०० पर्यंत वहीच्या पानावर करावी: २ च्या पुढील २ च्या पटी खोडाव्यात, मग ३ च्या, ५ च्या, ७ च्या, ११ च्या आणि १३ च्या. १०० पर्यंत २५ आणि २०० पर्यंत ४६ मूळ संख्या उरल्या पाहिजेत. १३ वर का थांबलो, याचे उत्तर चाळणी करतानाच सापडते, कारण १७ च्या पटी खोडायला गेले की २०० च्या आतील त्या सगळ्या आधीच खोडलेल्या दिसतात. हे पान वहीला कायमचे चिकटवून ठेवावे. सत्रभर ते उपयोगी पडते.

हिशेबाची सवय आणि हिशेबावर आंधळा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या संख्येच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवले तर ० पासून ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्या मिळते. चाळीस वेळा यश आल्यावर कोणीही हा नियमच मानून बसेल, पण ४० ला उत्तर १६८१ येते आणि ते ४१ चा वर्ग आहे. फर्मासारखा थोर गणितीही असाच फसला होता. २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा असे घात घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या मिळतात, यावरून पुढील सर्व संख्याही मूळच असतील असे त्याला वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले की त्यापुढची ४२९४९६७२९७ ही संख्या ६४१ ने विभाज्य आहे. सिद्धता का लागते हे विद्यार्थ्याला पटवून देण्यासाठी मला यापेक्षा चांगले उदाहरण माहीत नाही.

युक्लिडच्या सिद्धतेबाबतही असेच एक उदाहरण हाताने करून ठेवावे, कारण मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १ ही संख्या स्वतः मूळ असते असा गैरसमज परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी दिसतो. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ अधिक १ म्हणजे ३००३१, आणि ते ५९ × ५०९ आहे. सिद्धतेत एवढेच म्हटलेले आहे की तिचा कोणता तरी मूळ अवयव यादीबाहेरचा आहे.

भाषा आणि चिन्हे

आपल्याकडील विद्यार्थ्यांची एक चूक मराठीतूनच येते. आपण म्हणतो, ‘१२ ला ३ ने भाग जातो’, म्हणजे मोठी संख्या आधी उच्चारतो. चिन्हात मात्र ३ | १२ असे लिहिले जाते, कारण इंग्रजी वाक्यात भागणारी संख्या आधी येते. परिणामी हुशार विद्यार्थीही १२ | ३ लिहून जातो आणि पुढील सर्व ओळी उलट्या होतात. यावर उपाय असा की हे चिन्ह दिसले की मनात ‘डावीकडच्याने उजवीकडच्याला निःशेष भाग जातो’ असे पूर्ण वाक्य म्हणावे, आणि पहिले दोन आठवडे ते वहीत चिन्हाखाली लिहावेही. त्याचबरोबर हे चिन्ह म्हणजे भागाकार नव्हे हेही लक्षात ठेवावे. ३ | १२ हे ४ नाही. ते एक विधान आहे, जे खरे किंवा खोटे असते.

पुस्तक आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असतात, त्यामुळे वहीच्या मागील पानांवर स्वतःचा एक छोटा शब्दसंग्रह करावा. त्यात पारिभाषिक शब्दांपेक्षा जोडशब्दांना अधिक जागा द्यावी. ‘फॉर एव्हरी’ आणि ‘देअर एक्झिस्ट्स’ यांतील फरक, म्हणजे ‘प्रत्येकासाठी’ आणि ‘असा किमान एक तरी आहे’ यांतील फरक, ज्याला पक्का कळला त्याच्या निम्म्या अडचणी संपतात. ‘इफ अँड ओन्ली इफ’ दिसले की सिद्धता दोन्ही दिशांनी करायची आहे हे लगेच समासात लिहून ठेवावे. सिद्धता आधी मराठीत, पूर्ण वाक्यांत, जशी शेजारच्या बाकावरच्या मित्राला सांगू तशी लिहावी आणि मग ती इंग्रजीत उतरवावी. मराठीत न सांगता येणारी सिद्धता इंग्रजीत पाठ असली तरी ती समजलेली नसते, असा माझा कायमचा अनुभव आहे.

मसावि: येथे सर्वाधिक वेळ द्यावा

अभ्यासक्रमातील कोणत्या प्रकरणावर सर्वाधिक दिवस घालवावेत असे कोणी विचारले तर मी न डगमगता युक्लिडची मसावि काढण्याची रीत सांगेन. शाळेत आपण मसावि अवयव पाडून काढतो. मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे फार कठीण असते, म्हणून ती रीत येथे सोडून द्यावी. युक्लिडची रीत म्हणजे मोठ्या संख्येला लहानीने भागायचे, मग लहानीला बाकीने भागायचे, आणि बाकी शून्य होईपर्यंत असेच करत जायचे. शेवटची शून्येतर बाकी म्हणजे मसावि. ही रीत उलटी चालवली की मसावि त्या दोन संख्यांच्या पटींच्या बेरीज-वजाबाकीत लिहिता येतो, आणि पुढील सारे प्रकरण याच एका गोष्टीवर उभे आहे.

एक उदाहरण पूर्ण करू. रोपवाटिकेत संत्र्याचे कलम ४७ रुपयांना आणि लिंबाचे ३० रुपयांना आहे असे समजा. बरोबर १००० रुपये खर्च करायचे आहेत, सुटे परत घ्यायचे नाहीत. तर कोणती किती कलमे घ्यावीत? ४७ ला ३० ने भागले, बाकी १७. ३० ला १७ ने, बाकी १३. १७ ला १३ ने, बाकी ४. १३ ला ४ ने भागले तर भागाकार ३ आणि बाकी १. म्हणजे मसावि १ आहे. आता उलटे यावे. १ म्हणजे १३ वजा ४ ची तिप्पट. ४ च्या जागी १७ वजा १३ ठेवले की १ म्हणजे १३ ची चौपट वजा १७ ची तिप्पट. १३ च्या जागी ३० वजा १७ ठेवले की ३० ची चौपट वजा १७ ची सातपट. आणि १७ च्या जागी ४७ वजा ३० ठेवले की ३० ची अकरापट वजा ४७ ची सातपट. पडताळा: ३३० वजा ३२९, बरोबर १. याला १००० ने गुणले की लिंबाची ११००० आणि संत्र्याची उणे ७००० कलमे असे एक उत्तर मिळते. ते बाजारात चालणार नाही, पण संत्र्याच्या संख्येत ३० मिळवून लिंबाच्या संख्येतून ४७ वजा केले तर खर्च बदलत नाही, म्हणून ही अदलाबदल हवी तितक्या वेळा करता येते. संत्र्याची संख्या ऋण राहू नये म्हणून ती किमान २३४ वेळा करावी लागते, आणि लिंबाची संख्या ऋण होऊ नये म्हणून २३४ पेक्षा अधिक वेळा करता येत नाही. उत्तर एकच: संत्र्याची २० आणि लिंबाची २ कलमे. ९४० अधिक ६०.

या प्रकारच्या प्रश्नांची रीत आपल्याकडे कुट्टक या नावाने ओळखली जाते आणि ती ४९९ मधील आर्यभटीयात आहे. पुढे ब्रह्मगुप्ताने आणि भास्कराचार्यांनीही ती मांडली. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणे, आणि वरच्या हिशेबात ४७ आणि ३० कुटत कुटत १ पर्यंत आले हे पाहिले की नाव किती नेमके आहे ते कळते. असे पंधरा-वीस प्रश्न आकडे बदलून करावेत. मसावि १ नसेल तेव्हा काय होते हेही मुद्दाम पाहावे: ४८ आणि ३० घेतले तर १००० रुपये कधीच बरोबर खर्च होणार नाहीत, कारण प्रत्येक खरेदी ६ च्या पटीत येईल आणि १००० ला ६ ने भाग जात नाही.

या रीतीची खरी ताकद पुढच्या पायरीवर दिसते. मूळ संख्या प हिने अ × ब या गुणाकाराला भाग जात असेल तर तिने अ ला किंवा ब ला भाग जातोच, हे विधान विद्यार्थ्यांना इतके उघड वाटते की त्याची सिद्धता कशाला, असे ते विचारतात. ते उघड नाही हे दाखवण्यासाठी ४ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या संख्यांचेच एक जग कल्पावे: १, ५, ९, १३, १७, २१, २५ आणि पुढे. या जगात ९ ला फोडता येत नाही, कारण ३ त्या जगात नाही. तशाच २१ आणि ४९ याही न फुटणाऱ्या आहेत. तरीही ४४१ ही संख्या २१ × २१ आहे आणि ९ × ४९ सुद्धा आहे. म्हणजे त्या जगातल्या ‘मूळ’ संख्यांत अवयव पाडण्याची रीत एकच राहत नाही. आपल्या पूर्णांकांत ती एकच राहते, याचे कारण मसाविच्या त्या उलट्या हिशेबात आहे. प ने अ ला भाग जात नसेल तर दोघांचा मसावि १, म्हणून प ची काही पट अधिक अ ची काही पट बरोबर १. या समीकरणाला ब ने गुणावे. डावीकडच्या दोन्ही पदांना प ने भाग जातो, म्हणून उजवीकडच्या ब लाही जातो. चार ओळींची ही सिद्धता वही मिटून, न पाहता, तीन वेगवेगळ्या दिवशी लिहून काढावी.

बाक्यांचे गणित

काँग्रुअन्स, म्हणजे समान बाकीचे नाते, गाउसने १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आजच्या ≡ या चिन्हासह मांडले. त्याचा अर्थ आठवडी बाजाराने सर्वांत लवकर कळतो. बाजार सोमवारी भरत असेल तर आजपासून कितीही दिवस पुढे जा, वार ठरतो तो फक्त ७ ने भागून उरलेल्या बाकीवर. आज सोमवार असल्यास १०० दिवसांनी बुधवार, कारण १०० ला ७ ने भागल्यास बाकी २. आता २ चा १०० वा घात एवढे दिवस गेले तर? संख्या लिहायची गरज नाही. २ चा घन ८, आणि ८ ची बाकी १. म्हणून ९९ व्या घाताचीही बाकी १ आणि १०० व्या घाताची २. पुन्हा बुधवारच. ज्या संख्येने भागून बाकी पाहायची तिला मॉड्युलस म्हणतात; विद्यार्थ्यांनी ५, ७, ९, ११ आणि १२ या मॉड्युलसांसाठी बेरीज-गुणाकाराचे पूर्ण तक्ते स्वतः आखावेत. त्या तक्त्यांत किती प्रमेये आधीच दिसतात हे पाहून नवल वाटते.

येथील सर्वांत महागडी चूक म्हणजे दोन्ही बाजूंचा समान गुणक बिनदिक्कत काढून टाकणे. ६ × २ आणि ६ × ७ या दोन्हींची मॉड्युलो १०, म्हणजे १० ने भागल्यावर, बाकी २ आहे, पण २ आणि ७ मॉड्युलो १० समान नाहीत. काढायचा गुणक आणि मॉड्युलस यांचा मसावि १ असेल तरच तो जसाच्या तसा काढता येतो. अन्यथा मॉड्युलसलाही त्या मसाविने भागावे लागते, आणि येथे मॉड्युलो ५ म्हटले की २ आणि ७ समान होतात.

या भाषेत ऑयलरचा ६४१ चा शोधही चार ओळींत बसतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ अधिक १, म्हणून मॉड्युलो ६४१, ५ गुणिले २ चा ७ वा घात म्हणजे उणे १. चौथा घात घेतला की ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे १. पण ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा आहे, म्हणून ५ च्या ४ थ्या घाताच्या जागी उणे २ चा ४ था घात ठेवता येतो. मग उणे २ चा ३२ वा घात म्हणजे १, आणि २ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे ० झाले. मला हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडताना दरवर्षी नव्याने आनंद होतो, आणि तो विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फर्माचे लहान प्रमेय पाढ्यांतून शिकावे. मूळ संख्या ७ घ्या आणि ३ चा पाढा सहापर्यंत म्हणा: ३, ६, ९, १२, १५, १८. यांच्या मॉड्युलो ७ बाक्या ३, ६, २, ५, १, ४, म्हणजे १ ते ६ याच संख्या, फक्त क्रम बदललेला. दोन्ही गटांचा गुणाकार सारखा, म्हणून ३ चा ६ वा घात गुणिले १ ते ६ चा गुणाकार हा नुसत्या त्या गुणाकाराइतकाच, आणि ७ शी सहमूळ (म्हणजे ७ शी मसावि १) असलेला तो गुणाकार दोन्हीकडून काढला की ३ चा ६ वा घात ≡ १. पडताळा: ७२९ म्हणजे ७ × १०४ अधिक १. ही एका उदाहरणातली सिद्धता ७ च्या जागी प आणि ३ च्या जागी प ने भाग न जाणारी कोणतीही संख्या अ लिहिली की जशीच्या तशी सर्वसाधारण होते. विल्सनचे प्रमेय सांगते की प मूळ असेल तर १ ते प वजा १ यांचा गुणाकार मॉड्युलो प उणे १ असतो; त्यालाही अशीच वाट आहे. ११ साठी जोड्या लावा: २ आणि ६, ३ आणि ४, ५ आणि ९, ७ आणि ८; प्रत्येक जोडीच्या गुणाकाराची बाकी १, उरले १ आणि १०, आणि १० म्हणजे उणे १.

चिनी शेषप्रमेयासाठी एवढा प्रश्न पुरे: संत्र्यांचा ढीग पाच-पाचने मोजला तर ३ उरतात, सात-सातने मोजला तर २, नऊ-नऊने मोजला तर ४, ढिगात किमान किती संत्री? २३ पहिल्या दोन अटी पाळते, त्यात ३५ मिळवत जावे, ५८ ला तिसरी अट जुळते. पुढचे उत्तर ३१५ नंतर, म्हणजे ३७३. ऑयलरचे फाय फंक्शन, आदिमूळ आणि वर्गशेष ही पुढील प्रकरणे वरील पायावर सरळ चढत जातात. फक्त वर्गशेषाच्या प्रकरणात तक्ते न करता सूत्रे पाठ करू नयेत.

दिवस, परीक्षा आणि साधने

हिवाळी परीक्षेची तयारी आणि सोयाबीन-कापसाचा हंगाम एकाच वेळी येतात, ही विदर्भातील वस्तुस्थिती आहे. त्यामुळे वर्ग सुरू होताच पहिल्या दीड महिन्यात मसावि आणि काँग्रुअन्स यांचा हाताने करायचा हिशेब संपवावा आणि हंगामात डोक्यात धरता येतील असे प्रश्न ठेवावेत. कापूस वेचताना किंवा पिकाची जागल करताना वही उघडता येत नाही, पण ‘सलग तीन संख्यांच्या गुणाकाराला ६ ने भाग का जातो’ किंवा ‘७ च्या घातांचा शेवटचा अंक कसा फिरतो’ हा प्रश्न मनात फिरवता येतो. सकाळी निघताना एक प्रश्न ठरवावा आणि रात्री त्याचे जे काही झाले ते चार ओळींत लिहावे, उत्तर निघाले नसले तरीही. एसटीत रोज सोबत येणारा मित्र किंवा मैत्रीण याच पेपरची असेल तर दर शनिवारी एकमेकांना एक सिद्धता तोंडी सांगावी. ऐकणाऱ्याने फक्त ‘का?’ एवढेच विचारावे.

फोनचा उपयोग मर्यादित ठेवावा. साधे कॅल्क्युलेटर मोठ्या संख्येचे शेवटचे अंक गोल करून टाकते, म्हणून त्यावर बाकी काढू नये. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असला तरी हिशेब अचूक राहतो, आणि तीन-चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून मसावि काढणे हा स्वतःच उत्तम अभ्यास आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर या विषयाची व्याख्याने विनामूल्य आहेत. नेटवर्क चांगले असेल तेथे ती उतरवून घ्यावीत. पण व्याख्यान पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे. दर दहा मिनिटांनी थांबवून पुढची ओळ आधी स्वतः लिहावी. ज्यांना गोडी लागेल त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या माधव गणित स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. कागद-पेन्सिलीवर किती दूर जाता येते याचे उदाहरण हवे असेल तर देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवावेत. अंक वेगवेगळे असलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, हेच पुन्हा पुन्हा करा: ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तेथून पुढे ६१७४ च. १९४९ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडले, आणि आज ती संख्या त्यांच्या नावाने ओळखली जाते.

परीक्षेत सिद्धता लिहिताना प्रत्येक अक्षर काय आहे हे पहिल्या ओळीत सांगावे, दिलेले आणि सिद्ध करायचे वेगळे लिहावे, आणि जे सिद्ध करायचे आहे त्यापासून सुरुवात करू नये.

आता सुरुवातीला राहिलेला प्रश्न घेऊ. ४ ने भागल्यावर बाकी १ देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का? त्या सर्वांचा गुणाकार करा, त्याची दुप्पट करा, वर्ग करा आणि १ मिळवा. ही संख्या विषम आहे आणि यादीतील कोणत्याही मूळ संख्येने तिला भाग जात नाही. तिचा एखादा मूळ अवयव प घ्या. तो बाकी ३ देणारा असेल तर प वजा १ चे अर्धे विषम येते. मॉड्युलो प पाहिले तर त्या दुप्पट गुणाकाराचा वर्ग म्हणजे उणे १. दोन्ही बाजूंचा तेवढाच विषम घात घेतला की डावीकडे प वजा १ वा घात, जो फर्माच्या प्रमेयानुसार १ आहे, आणि उजवीकडे उणे १. प विषम असल्यामुळे १ आणि उणे १ समान असू शकत नाहीत. म्हणून प हा बाकी १ देणाराच आहे, आणि तो यादीत नाही. ही सिद्धता वहीत उतरवण्यापूर्वी यादीत फक्त ५ आणि १३ घेऊन पाहावे: दुप्पट गुणाकार १३०, वर्ग अधिक १ म्हणजे १६९०१. तिचे मूळ अवयव शोधावेत आणि प्रत्येकाला ४ ने भागून बाकी पाहावी.